जमिनीखालचे तेल आणि हातातली पट्टी
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत वणीकडचा एक तरुण उभा राहिला आणि त्याने एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "अमेरिकेत शेताखाली तेल लागले की शेतकरी पैशावर लोळतो म्हणतात. आमच्या शेताखाली कोळसा लागला, तर आम्हालाच बिऱ्हाड हलवावे लागले. हा फरक नेमका कुठे पडतो?" वेळ संपत आली होती, एसटी गाठायची होती. पुढच्या बैठकीत सांगतो म्हणून आम्ही सुटका करून घेतली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज त्याचे उत्तर द्यायचे आहे.

उत्तर थोडे आडवळणाने जाते. ते अमेरिकेतल्या एका आयकराच्या कागदातून जाते. तुम्ही म्हणाल, आम्हाला आयकरच नाही, मग त्यांच्या कागदाशी आम्हाला काय देणे-घेणे? थोडा धीर धरा. कोणाच्या मालकीचे काय आहे हे सातबाऱ्यावर जेवढे कळते, त्याहून जास्त कराच्या कागदावर कळते.

आपल्यासारखाच एक कोरडवाहू शेतकरी

टेक्सास राज्याचा पश्चिम भाग डोळ्यांसमोर आणा. लबकपासून दक्षिणेला मिडलँडपर्यंतचा सपाट मुलूख. वर्षाचा पाऊस लबकला जेमतेम अठरा-एकोणीस इंच. पिके कोणती? कापूस आणि ज्वारी. आपल्याहून पाऊस कमी, वारा जास्त, गारपीट ठरलेली. आपले आणि त्यांचे नातेही जुने आहे. १९६४ साली आपल्याकडे सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. तिची मादी म्हणजे कम्बाइन काफिर ६०, आणि ती टेक्सासहून आलेली. कृषी महाविद्यालयात आम्ही तिचे नाव घोकले होते, पण ती ज्या शेतातून आली तिथला शेतकरी कसा जगतो हे आम्हाला कोणी शिकवले नाही.

या मुलखात कापसाच्या ओळींच्या मध्येच तेलाचा पंप वर-खाली मान हलवताना दिसतो. १९२३ साली इथल्या एका ओसाड माळावर सांता रीटा नावाची विहीर लागली. तो माळ टेक्सासच्या विद्यापीठाला दिलेला होता. दिला तेव्हा कोणाला त्याची किंमत वाटली नव्हती. त्या माळाखालच्या तेलावर पुढे विद्यापीठ श्रीमंत झाले. सरकारने पडीक म्हणून दान केलेल्या जमिनीची ही गोष्ट आहे. 'पडीक' हा शब्द उच्चारण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा तो यासाठी.

आता मुद्दा असा की तिथे जमिनीखालच्या खनिजाचा मालक खासगी माणूस असू शकतो. आणि जमीन वेगळी, खालचे खनिज वेगळे, अशी त्याची दोन तुकड्यांत विक्री होऊ शकते. एकाच शेताचे दोन सातबारे आहेत असे समजा. एक वरच्या मातीचा, एक खालच्या तेलाचा. आजोबाने जमीन विकताना खालचा हक्क राखून ठेवला असेल, तर वर नांगर तुमचा आणि खाली तेल दुसऱ्याचे.

करार आणि पट्टी

खालचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तेल कंपनीचा माणूस येतो. करार होतो. सही करताना एकरी ठराविक रक्कम एकदाच मिळते, तिला तिथे बोनस म्हणतात. पुढे तेल निघाले तर विक्रीतला हिस्सा मिळतो, तो म्हणजे रॉयल्टी. जुन्या करारांत हा हिस्सा आठवा असे, म्हणजे साडेबारा टक्के. पुढे ज्यांनी घासाघीस केली त्यांनी पाचवा हिस्सा मिळवला, काहींनी चौथाही मिळवला. तेल तेच, जमीन तीच, खोदाईचा खर्च कंपनीचाच. फरक पडला तो सही करण्याआधी थांबण्याचा.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, रीत खरी आहे.

धरून चला, एका शेतकऱ्याची १६० एकर जमीन आहे. बापजाद्यांच्या व्यवहारात खालचा निम्माच हक्क त्याच्याकडे राहिला. कंपनीने ६४० एकरांचा एक गट करून त्यात विहीर घेतली. करार चौथ्या हिश्श्याचा. मग त्याचा वाटा किती? ६४० पैकी १६० म्हणजे पाव. त्याचे निम्मे म्हणजे आठवा. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे बत्तिसावा. दशांशात ०.०३१२५. शंभर रुपयांना सव्वातीन रुपयांहूनही थोडे कमी. हा आकडा एका कागदावर लिहून कंपनी सहीसाठी पाठवते. त्या कागदावर डोळे मिटून सही केली आणि दशांशचिन्हानंतरचा एक आकडा चुकला असला, तर शेतकरी दरमहा नाडला जातो आणि त्याला कळतही नाही.

महिन्याला २,००० बॅरल तेल निघाले, भाव बॅरलला ७० डॉलर मिळाला. एकूण १,४०,००० डॉलर. त्याचा बत्तिसावा हिस्सा ४,३७५ डॉलर. पण धनादेश ४,३७५ चा येत नाही. टेक्सास सरकार तेल काढण्यावर ४.६ टक्के कर घेते, वायूवर ७.५ टक्के. तो कर कंपनी आधीच कापून भरते. इथे २०१ डॉलर २५ सेंट गेले. हातात आले ४,१७३ डॉलर ७५ सेंट.

धनादेशाबरोबर एक पट्टी येते. भावांनो, ही पट्टी तुम्ही ओळखता. अडत्याकडे माल टाकला की जी मिळते तीच ही. किती माल, काय भाव, अडत किती, हमाली किती, तोलाई किती, कटती किती, आणि शेवटी हाती काय. तिथल्या पट्टीवर बॅरल, भाव, तुमचा दशांश, कापलेला कर आणि अनेकदा वाहतूक, वायू दाबून भरण्याचा, शुद्ध करण्याचा खर्च असतो. हे खर्च कापायचे की नाही हे करारातल्या एका वाक्यावर ठरते, आणि त्या वाक्यावरून तिथे वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले आहेत. पट्टी बघताना डोळे खाली शेवटच्या आकड्यावर जातात, हा शेतकऱ्याचा जुना रोग आहे. तो टेक्सासमध्येही आहे आणि आपल्या बाजार समितीतही आहे.

विवरणपत्रात काय लिहायचे

वर्ष संपले. बारा महिन्यांचे एकूण ५२,५०० डॉलर झाले. कापलेला कर २,४१५. हाती आले ५०,०८५. जानेवारीअखेर कंपनी शेतकऱ्याला एक फॉर्म पाठवते, नंबर १०९९. वर्षाला दहा डॉलर रॉयल्टी असली तरी तो पाठवावा लागतो. त्याच्या दुसऱ्या चौकोनात रॉयल्टी लिहिलेली असते. किती? ५२,५००. म्हणजे कर कापण्याआधीची. त्याचीच माहिती आयकर खात्याकडेही जाते.

शेतकरी काय करतो? बँकेचे पासबुक काढतो. तिथे ५०,०८५ दिसतात. तो विवरणपत्रात ५०,०८५ लिहितो. त्याच्या मते तो खरे बोलतो, कारण हाती तेवढेच आले. पण खात्याच्या यंत्रात ५२,५०० आहेत. आकडा जुळत नाही, नोटीस निघते. खरे बोलणारा माणूस चोर ठरतो, केवळ कोणता आकडा कुठे लिहायचा हे माहीत नाही म्हणून.

बरोबर रीत अशी. रॉयल्टीसाठी 'शेड्यूल ई' नावाचे पान आहे. त्यात रॉयल्टीच्या ओळीवर पूर्ण ५२,५०० लिहायचे. मग करांच्या ओळीवर राज्याने घेतलेले २,४१५ वजा दाखवायचे. खालच्या खनिज हक्कावर तालुक्याचा मालमत्ता कर भरला असेल, समजा १,२०० डॉलर, तोही वजा. आणि मग येते सगळ्यात मोठी वजावट. तिला ते डिप्लीशन म्हणतात. आपण तिला 'घट' म्हणू.

घट कशाची? जमिनीखालचे तेल एकदा उपसले की परत येत नाही. म्हणजे रॉयल्टीचा प्रत्येक डॉलर हे पूर्ण उत्पन्न नाही, त्यात थोडी विकलेली मालमत्ता आहे. मालमत्ता विकून आलेल्या पैशावर उत्पन्नाचा कर लावणे अन्यायाचे. म्हणून लहान उत्पादकाला आणि रॉयल्टी घेणाऱ्याला एकूण रॉयल्टीच्या १५ टक्के रक्कम घट म्हणून वजा करू देतात. आमच्या हिशेबात ५२,५०० चे १५ टक्के म्हणजे ७,८७५. या घटीचा इतिहासही बोलका आहे. १९२६ साली हा दर साडेसत्तावीस टक्के होता, आणि मोठ्या कंपन्यांनाही तो मिळे. १९६९ साली बावीसवर आणला. १९७५ साली मोठ्या कंपन्यांची ही सवलत काढून घेतली, लहानांची ठेवली आणि १९८४ पर्यंत ती १५ टक्क्यांवर आणली.

आता बेरीज-वजाबाकी करा. ५२,५०० मधून २,४१५ गेले, १,२०० गेले, ७,८७५ गेले. उरले ४१,०१०. एवढ्यावरच कराचा विचार. आणि ज्याने पासबुकातला ५०,०८५ चा आकडा लिहिला त्याचे काय? त्याची घटही त्याच आकड्यावर निघाली, म्हणजे ३६२ डॉलर कमी. नोटीस तर आलीच, वर वजावटही बुडाली.

आणखी दोन चुका तिथले शेतकरी हमखास करतात. पहिली अशी की रॉयल्टी कापसाच्या उत्पन्नातच मिसळून टाकायची. त्यांचे शेतीचे पान वेगळे आहे, 'शेड्यूल एफ'. शेतीवर आयकराखेरीज स्वतः कष्ट करणाऱ्याचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता बसतो, सुमारे १५ टक्के. रॉयल्टीवर तो बसत नाही, कारण तिच्यात कष्ट नाहीत. चुकीच्या पानावर लिहिले की साडेपाच हजार डॉलरच्या वर फुकट गेले. मात्र विहिरीच्या खर्चात भागीदारी घेतली असेल तर ती रॉयल्टी राहत नाही, तो धंदा झाला, त्याचे पान वेगळे आणि हा हप्ताही लागतो. सही करताना मिळालेल्या बोनसवर कर आहे, पण त्यावर १५ टक्क्यांची घट नाही, कारण तेव्हा तेलाचा थेंबही निघालेला नसतो.

दुसरी चूक आपल्याला जास्त शिकवणारी आहे. अमेरिकेत कर वर्षातून चार वेळा आगाऊ भरावा लागतो. पण शेतकऱ्याला सवलत आहे. ज्याच्या एकूण उत्पन्नाचा दोन-तृतीयांश हिस्सा शेतीचा आहे, त्याने एकदाच १५ जानेवारीपर्यंत भरावे, किंवा १ मार्चपर्यंत विवरणपत्र देऊन सगळा कर भरून मोकळे व्हावे. पीक वर्षातून एकदा येते हे त्या कायद्याला कळते. आता आमच्या शेतकऱ्याचे पाहा. शेतीचे ढोबळ उत्पन्न ९०,०००, रॉयल्टी ५२,५००, एकूण १,४२,५००. त्याचे दोन-तृतीयांश ९५,०००. शेती ९०,००० ची. पाच हजारांनी तो 'शेतकरी' राहिला नाही! मागच्या वर्षाचे प्रमाण चालते म्हणून पहिल्या वर्षी निभावते, दुसऱ्या वर्षी दंडव्याज लागते. ट्रॅक्टर तोच, कापूस तोच, पण कराच्या कागदावर माणूस बदलला.

तिथेही सगळे आलबेल नाही

आम्ही अमेरिकेची आरती ओवाळायला उभे नाही. दुसरी बाजूही ऐका. ज्याच्याकडे वरची जमीन आहे पण खालचा हक्क नाही, त्याला रॉयल्टीचा एक पैसा मिळत नाही. उलट टेक्सासच्या कायद्यात खालचा हक्क वरचढ आहे. खनिजाचा मालक वाजवी गरजेपुरती वरची जमीन वापरू शकतो. रस्ता येतो, पंप येतो, खारे पाणी सांडते, कापसाच्या ओळी तुडवल्या जातात. हे सगळे त्याच्या शेतात, आणि पैसा दूरच्या शहरात बसलेल्या कोणाच्या तरी खात्यात. १८९५ ते १९३१ या काळात राज्याने काही जमिनी खनिज राखून विकल्या. तिथे १९१९ च्या कायद्याने वरच्या मालकाला निम्मा हिस्सा दिला, पण राज्याचा प्रतिनिधी म्हणून. म्हणजे वरच्याला काहीतरी मिळावे ही बुद्धी तिथेही सहज आली नाही, कायदा करावा लागला.

आणि भावाचे म्हणाल तर तो तिथेही बेभरवशाचाच. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकन तेलाचा वायद्याचा भाव शून्याखाली उणे ३७ डॉलर ६३ सेंटपर्यंत गेला. माल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! बाजारात माल नेऊन पदरचे पैसे भरून येणारा शेतकरी आपण पाहिला आहे. त्या दिवशी तेलवाल्यांनी तो अनुभव घेतला.

आपल्याकडे काय आहे

आता वणीच्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ सांगते की खनिजांवरचा हक्क राज्य सरकारचा. कोळशासाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे, त्याने कोळशाची जमीन केंद्राला घेता येते. कोळशावर २०१२ पासून किमतीच्या १४ टक्के रॉयल्टी आहे, ती राज्याच्या तिजोरीत जाते. समुद्रातल्या बॉम्बे हायला १९७४ साली तेल लागले, तिथली रॉयल्टी केंद्राकडे जाते. २०१५ साली कायदा दुरुस्त होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांना १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते, आणि ती खाणीने बाधलेल्या लोकांसाठी खर्चायची असते. तो पैसा कोणत्या गावात, कशावर खर्च झाला, हे विचारण्याचा हक्क बाधित गावांचा आहे. या सभागृहात किती जणांनी ते विचारले? हात वर करा म्हणत नाही, आमचाही हात वर जाणार नाही.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या मलबारमधल्या जमीनमालकांच्या दाव्यात एक महत्त्वाचे सांगितले. खालच्या खनिजाची मालकी सामान्यपणे वरच्या जमिनीबरोबर जाते, कायद्याने ती काढून घेतली नसेल तर. यावरून उद्यापासून कोळसा आपला झाला असे कोणी समजू नये. आपल्या राज्यात कलम ४८ आहे, कोळशाला स्वतंत्र कायदा आहे. पण एवढे मात्र नक्की झाले की खनिज सरकारचे हा काही देवाचा नियम नाही. तो माणसाने केलेला कायदा आहे, आणि माणसाने केलेल्या कायद्यावर माणसे बोलू शकतात.

जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी एक सांगितले की रॉयल्टी हा कर नव्हे. खनिज काढू दिल्याबद्दल मालकाला दिलेला तो मोबदला आहे. मित्रांनो, वणीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. रॉयल्टी मालकाला मिळते. टेक्सासमध्ये ती शेतकऱ्याच्या विवरणपत्रात दिसते कारण तिथे काही शेतकरी मालक आहेत. आपल्याकडे ती राज्याच्या अंदाजपत्रकात दिसते. आपल्या वाट्याला येते ती नुकसानभरपाई, आणि भरपाई मालकाला मिळत नाही, नुकसान झालेल्याला मिळते. शब्दातच फरक आहे.

घटीचा मुद्दा

आम्ही मातीचा अभ्यास केलेली माणसे, म्हणून घटीचा मुद्दा सोडवत नाही. लबकजवळच्या एका कापूस उत्पादकाने तिथल्या सरकारवर दावा लावला होता. त्याचे म्हणणे असे की तेलाची घट मानता, मग माझ्या शेताखालचे पाणीही उपसून संपते आहे, पाऊस ते भरून काढत नाही, त्याची घट का मानत नाही? १९६५ साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जमीन घेताना त्यात पाण्याची जेवढी किंमत मोजली, ती पाणी खाली जाईल तशी वजा करता येते.

आपल्या शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा अशी वजावट मागून आपल्याला काही मिळणार नाही. पण विचार उचलण्यासारखा आहे. आपल्या पिकाचा उत्पादनखर्च काढताना बैलाचा, अवजाराचा, गोठ्याचा घसारा धरतात. पण कापसाच्या प्रत्येक बोंडाबरोबर जमिनीतून गेलेले नत्र, स्फुरद, पालाश, उतारावरून वाहून गेलेली वीतभर माती, खाली गेलेली विहीर, यांची घट कोणत्या रकान्यात आहे? कोणत्याच नाही. आपण मालमत्ता विकतो आहोत आणि तिला उत्पन्न म्हणतो आहोत. तेलाच्या मालकाला हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

आता घरचे

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या वडिलांची काही जमीन एका प्रकल्पात गेली. कोर्टात भरपाई वाढून मिळाली, आणि उशिराबद्दल व्याजही मिळाले. व्याजातून कर कापला गेला होता, पट्टीवर तसे लिहिलेही होते. वडील म्हणाले, शेतकऱ्याला कुठला आयकर, कापला तर कापला. आम्ही घरात कृषी पदवीधर, शंभर गावांना खताचे हिशेब सांगणारे. आम्हीही ती पट्टी फडताळात ठेवून दिली. वाढीव भरपाईवरच्या व्याजातून निम्मी रक्कम वजा मिळते, उरलेल्यावर आमच्या वडिलांना कर बसतच नव्हता. विवरणपत्र भरले असते तर कापलेला पैसा परत आला असता. कळले तेव्हा मुदत गेली होती. तेवढ्या पैशात बांधबंदिस्ती झाली असती. कोणी लुबाडले नाही. आम्हीच कागद वाचला नाही.

आज तुमच्यातल्या अनेकांकडे असे कागद येत आहेत. सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने मागतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर जाहीर झाला. मोबाइलचा टॉवर आहे, पवनचक्की आहे. पाइपलाइन आहे, तिच्यात जमीन तुमचीच राहते आणि १९६२ च्या कायद्याने वापरहक्कासाठी बाजारभावाच्या दहा टक्के मिळतात. लक्षात ठेवा, सौर प्रकल्पाचे किंवा टॉवरचे भाडे शेतातून आले म्हणून ते शेतीचे उत्पन्न होत नाही. त्यावर आयकराचा नियम लागतो. आणि असे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले, तर १९७३ पासूनच्या पद्धतीने कराचा दर ठरवताना पाच हजारांच्या वरचे शेतीचे उत्पन्नही मोजणीत घेतात. ज्यांची मुले ह्यूस्टन-डॅलसकडे आहेत त्यांनीही मुलांना सांगावे की तिथली रॉयल्टी विकत घेतली आणि कायमचे इकडे परत आले, की ती इथल्या विवरणपत्रातही दाखवावी लागते.

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत चार कामे करू. एक, जमिनीबाबत ज्याने ज्याने करार केला असेल, त्याने त्याची प्रत आणावी. प्रत नसेल तर मागून घ्यावी, ती न देणाऱ्याशी पुढचा व्यवहार करू नये. दोन, आलेल्या प्रत्येक रकमेची पट्टी जपून ठेवावी आणि एका वहीत तीन आकडे लिहावेत, एकूण किती, कापले किती, हाती किती. तीन, कर कापला गेला असेल तर आपल्या पॅनवर तो जमा दिसतो का हे पाहावे आणि मुदतीत विवरणपत्र भरावे. तालुक्याच्या गावी बसून ज्यांना हे येते अशा दोन-तीन मुलांची जबाबदारी आपण ठरवू. चार, वणी भागातल्या गावांनी खनिज प्रतिष्ठानच्या खर्चाचा गाववार हिशेब ग्रामसभेच्या ठरावाने मागावा. अर्जाचा मसुदा आम्ही सोबत आणला आहे, जाताना घेऊन जा.

कोणी म्हणेल, हिशेब दाखवला की कर लागेल, मग लपलेलेच बरे. भावांनो, लपलेल्या माणसाला हक्कही लपूनच मागावा लागतो. टेक्सासचा शेतकरी कंपनीला दरडावून विचारतो की माझा दशांश का चुकला, कारण त्याच्या हातात पट्टी आहे आणि त्याने सरकारला पूर्ण आकडा सांगितलेला आहे. उद्या आपण म्हणणार आहोत की शेताखालच्या खनिजात वरच्या शेतकऱ्याचा हिस्सा असला पाहिजे. ते म्हणायला उभे राहू, तेव्हा आपल्याही हातात वही पाहिजे.

वणीच्या त्या मित्राला विनंती, त्याने पुढच्या वेळी आपल्या भरपाईचे कागद घेऊन यावे. सगळ्यांसमोर वाचू. एवढे बोलून थांबतो.